उन्हावर चालणारा आवाज

९ जानेवारी, मंगळवार

घशाचं ऑपरेशन काल झालं. स्वरतंतूंवर दोन गाठी होत्या. साध्याच होत्या, काढून टाकल्या. डॉक्टर म्हणाले, "आता दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबूजसुद्धा नाही, कुजबुजीने उलट जास्त ताण पडतो." मी मान हलवली. आमचे हे बाजूलाच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती की घरात शांतता नांदणार याचं समाधान, ते मला नीट कळलं नाही.

या वहीला माझी ओळख नाही, म्हणून सांगते. मी चौथीच्या वर्गाची बाई. वर्षानुवर्षं ओरडून शिकवत आले. पोरं पाठीमागे मला 'भोंगा' म्हणतात आणि त्यांना वाटतं, मला माहीत नाही. मला चांगलं माहीत आहे आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही आहे. माझा वर्ग चालू असला की शेजारच्या तिसरीच्या वर्गाचे पाढेसुद्धा पाठ होतात.

आयुष्यात मी कधी डायरी लिहिली नाही. मनात आलं की त्याच मिनिटाला तोंडातून बाहेर, मग लिहायला उरणार काय? आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. ह्यांनी एक पांढरी पाटी आणि पेन आणून दिलंय, पण पाटीवर मावेल एवढं माझं बोलणं कधीच नव्हतं.

१२ जानेवारी, शुक्रवार

घरात सगळ्यात जास्त हाल सासूबाईंचे. त्यांना ऐकू कमी येतं. ह्यांचं बोलणं त्यांना कळत नाही, टीव्हीचं कळत नाही, दाराची बेल कळत नाही. माझं मात्र सगळं कळायचं. आता माझाच भोंगा बंद. सकाळपासून त्या माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मध्येच विचारतात, "काय म्हणालीस?" मी काहीच म्हटलेलं नसतं. मग मी पाटीवर लिहिते. मग त्या चष्मा शोधतात. चष्मा सापडेपर्यंत माझा मुद्दा शिळा झालेला असतो.

कानातलं यंत्र आणून वर्ष झालं. डबीत पडून आहे. "कानात मशीन घालायला मी काय म्हातारी आहे?" वय वर्षं ब्याऐंशी! ह्यांनी आज पुन्हा डबी पुढे केली, तर त्यांनी ती उशीखाली सरकवली. माणसाने इतकं हट्टी कशाला असावं? सगळ्यांना त्रास होतो, स्वतःलाही होतो, पण मान खाली घालायची नाही. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आई, यंत्र घाला.' त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे हं तुझं."

२२ जानेवारी, सोमवार

शाळेत गेले. तासाला पाच मिनिटं बोलायची परवानगी आहे, तीही हळू. आवाज कसा आहे ते लिहवत नाही. जुनं धोतर फाडताना येतो तसा. पहिल्या बाकाच्या पुढे काही पोचत नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, बोलावून घेतलं. माणूस चांगला आहे, पण गोड बोलून सुई टोचणाऱ्यांतला. म्हणाल्या, "बाई, तुमची घाई नाही. पण मुलांना शिकवलेलं ऐकू तर आलं पाहिजे ना? मार्चच्या मध्याला मी तुमच्या तासाला येऊन बसते. शेवटच्या बाकापर्यंत आवाज येत असेल तर चौथी तुमची. नाहीतर जूनपासून तुम्ही ग्रंथालय बघा. तिथे शांतता असते."

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे शांतता असते, कारण तिथे कोणी जातच नाही. मी हसून मान हलवली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

जाता जाता त्यांनी हातात दोन गोष्टी ठेवल्या. एक खोकं: त्यात उन्हावर वीज करणारी एक काळी पट्टी, तारा, एक छोटा पंखा, दोन दिवे. आणि एक पुस्तिका, 'वाढती मानसिकता'. यंदा चौथीला प्रकल्प आहे, ऊन आणि वारा यांच्यापासून ऊर्जा. "मुलांना हाताने करू द्या, चुकू द्या. तुम्हाला फारसं बोलावं लागणार नाही," म्हणाल्या. म्हणजे मुक्या बाईला मुकं काम.

पुस्तिका रात्री जेवल्यावर चाळली. मेंदू वाढतो म्हणे. 'मला येत नाही' म्हणायचं नाही, 'मला अजून येत नाही' म्हणायचं. आमच्या वेळी यालाच 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणायचे आणि सोबत एक धपाटा मोफत मिळायचा.

२४ जानेवारी, बुधवार

आज खोकं उघडलं. माझी सवय अशी की आधी मी सगळं सांगणार, मग पोरं करणार, मग चुकणार, मग मी ओरडणार. आज सांगायला आवाज नाही. टेबलावर सामान ठेवलं आणि हाताने खूण केली, घ्या.

अर्धा तास नुसता गोंधळ. पंखा काही फिरेना. एकाने तारा उलट्या केल्या, एकाने पंख्याला फुंकर मारून फिरवला आणि "झालं!" म्हणून ओरडला. मला घशापर्यंत आलं होतं, अरे गाढवांनो, दिव्याखाली काय करताय, उन्हात न्या! ओठ दाबून बसले. तेवढ्यात आमच्या प्रश्नचिन्हाने (ही मुलगी श्वास घेते तोही प्रश्नार्थक) विचारलं, "बाई, हिला भूक लागली असेल का?" आणि पट्टी उचलून खिडकीत ठेवली. पंखा जो फिरला! सगळा वर्ग खिडकीवर. मग एक हाताने सावली करणार, पंखा थांबणार, हात काढला की पुन्हा चालू. हा खेळ तास संपेपर्यंत.

वीस वर्षं मी हा धडा शिकवला. 'सूर्य हा ऊर्जेचा स्रोत आहे' हे वाक्य शंभरदा लिहून घेतलं. पण त्यांचे चेहरे असे कधी पाहिले नव्हते. बहुधा मी तेव्हा बोलत असायचे.

३१ जानेवारी, बुधवार

फळ्याच्या कोपऱ्यात 'अजून' लिहून ठेवलंय. कोणी 'येत नाही' म्हटलं की मी फक्त तिकडे बोट दाखवते. घसा वाचतो. पुस्तिकेला मी नावं ठेवली, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं झालंय.

सगळ्यांवर चाललं, एका नाहीबाईवर नाही. ही शेवटच्या बाकावरची मुलगी. प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी तिचं उत्तर तयार असतं, "मला नाही जमणार." चित्र काढ, नाही जमणार. खो-खो खेळ, नाही जमणार. मागच्या वर्षीच्या बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात 'पालथ्या घड्यावर पाणी' असं लिहिलं होतं, आणि ते तिने वाचलं होतं.

आज कामं वाटून घेतली. पट्टी बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, तारा आत, पंखा माझ्या टेबलावर. पट्टी रोज पुसायला कोण? कोणीच हात वर करेना, पुसण्यात कसली मजा? तेव्हा मागून बारीक आवाज आला, "मी पुसू?" मी इतकी चकित झाले की मान हलवायलाही विसरले. मग जोरात हलवली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आवाजाच्या व्यायामाला जाते तिथली ताई वयाने माझ्या लेकीएवढी आहे. ओठ फुर्र करायला लावते, घोड्यासारखे. आज तिने स्पष्टच सांगितलं. "आवाज भरेल अजून, पण गप्पा मारण्याएवढा. पूर्वीसारखं ओरडणं आता विसरा. ओरडलात तर गाठी परत येतील." मग तिने कपाटातून एक डबा काढला. कमरेला पट्ट्याने बांधायचा, तोंडापाशी माइकची दांडी. आवाज मोठा करतो. पुष्कळ शिक्षक वापरतात म्हणे.

मी नाही म्हटलं. तिने विचारलं, का? मी पाटीवर लिहिलं, 'कमरेला डबा बांधून फिरायला मी काय भाजी विकते?' ती हसली, पण मी गंभीर होते. ज्या बाईचा आवाज मैदानापलीकडे जायचा, तिने वर्गात डबा लावून बोलायचं? पोरं काय म्हणतील? मोठ्या बाई काय म्हणतील? व्यायाम करीन, काढे पिईन, घोड्यासारखी फुरफुरेन, पण डबा नाही.

घरी आले तर सासूबाईंनी गॅसवर दूध उतू घालवलेलं. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू आल्या नाहीत त्यांना. माझा पारा चढला. पाटी भरून लिहिलं, 'यंत्र वापरायला कसली लाज? लोक चष्मा लावतात, तसंच हे. हट्टापायी घर जाळाल एक दिवस!' सासूबाईंनी वाचून पाटी उलटी ठेवली. आमचे हे माझ्याकडे असं काही बघत होते की मी विचारलं, काय? ते म्हणाले, "काही नाही. तुझा डबा कसा होता ते सांगत होतीस ना मघाशी?"

विषय बदलायची ही त्यांची जुनी खोड.

१२ फेब्रुवारी, सोमवार

पंखा मंदावलाय. गेल्या आठवड्यात भिरभिरायचा, आता म्हाताऱ्या माणसासारखा फिरतो. पोरं हवालदिल झालीत. एकाचं म्हणणं, सूर्य थकला. दुसऱ्याचं म्हणणं, तारांत उंदीर. तिसरा म्हणाला, पंख्याला कंटाळा आला असेल, तो रोज एकाच जागी असतो.

कारण मला दिसलंय. नाहीबाई रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येते आणि पट्टी मन लावून पुसते. काळी आणि चौकोनी वस्तू चौथीतल्या मुलीला कशी दिसणार? फळ्यासारखी. ती पुसते फळ्याच्या डस्टरने. रोज पट्टीवर खडूचा एक पातळ थर. पुन्हा घासते, पुन्हा थर. जितकं मन लावून पुसते तितका पंखा मंदावतो.

पूर्वीची मी असते तर एका वाक्यात निकाल लावला असता, "अगं वेंधळे, डस्टरने पुसतेस?" सगळा वर्ग हसला असता, पंखा फिरला असता आणि ती मुलगी पुन्हा कधी कशाला हात लावती ना. आज माझी पाच मिनिटंही शिल्लक होती. तरी बोलले नाही. पण न बोलणं बरोबर आहे का, हेही कळत नाही. त्यांना कधीच सापडलं नाही तर? किंवा दुसऱ्या कोणाला सापडलं आणि त्याने बोंब मारली तर?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं!

तीन दिवस तपास चालला होता. तारा बदलून पाहिल्या, पंखा बदलून पाहिला, त्याजागी दिवा लावला तर दिवाही मिणमिणता. तेव्हा प्रश्नचिन्ह म्हणाली, "म्हणजे गडबड पट्टीतच आहे का?" पट्टी काढून टेबलावर आणली. सगळे तिच्याभोवती. नाहीबाई मागे उभी होती. तिने हात पुढे करून एक बोट पट्टीवरून ओढलं. मागे काळी रेघ उमटली. तिने बोट पाहिलं, पांढरं. मग डस्टर पाहिलं.

मला वाटलं, आता ही रडणार आणि पळणार. मी खुर्चीतून अर्धी उठलेही. ती म्हणाली, "मी केलं हे. मी रोज खडू लावत होते."

मग तीच म्हणाली, "थांबा," आणि बाहेर जाऊन स्वतःचा रुमाल ओला करून आली. दोनदा पुसलं, कोरडं केलं, पट्टी उन्हात ठेवली. पंखा भिरभिरला आणि माझ्या टेबलावरचे कागद उडाले. पोरं नाचायला लागली. एक म्हणाला, "नाहीबाईने शोधलं!" (म्हणजे ते नाव माझ्या एकटीचं नाही तर.) मग प्रश्नचिन्हाने तिला विचारलं, "तुला कसं कळलं गं?" ती विचार करून म्हणाली, "माझीच चूक होती ना, म्हणून मला लवकर कळली."

मी घरी येऊन ह्यांना हे सांगताना रडले. आवाज फाटका, त्यात रडणं, ह्यांना एक अक्षर कळलं नाही. तरी मान हलवत बसले बिचारे. गाठी झाल्या नसत्या तर मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं. त्या दोन गाठींचे आज मी मनापासून आभार मानते. डॉक्टरांनी त्या बाटलीत घालून दाखवल्या होत्या, तेव्हाच मानायला हवे होते.

२१ फेब्रुवारी, बुधवार

वर्गात काहीतरी शिजतंय. मी आत गेले की पोरं गप्प होतात. प्रकल्पाचं शेवटचं काम त्यांनी स्वतः ठरवायचं असं पुस्तिकेत आहे, ते ठरलंय, पण मला सांगत नाहीत. बागेत लावतात त्या उन्हावरच्या मोडक्या दिव्यांच्या पट्ट्या गोळा केल्यात. मधल्या सुट्टीत चार-पाच जण शाळेशेजारच्या रेडिओआजोबांकडे जातात. हे प्रश्नचिन्हाचे आजोबा, जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी मला रस्त्यात गाठून तक्रार केली, "बाई, तुमची पोरं बॅटरी लावू देत नाहीत हो. मी म्हटलं, छोटी बॅटरी घाला, ढग आला तरी चालेल. तर मलाच म्हणतात, बॅटरी लावली की ते उन्हाचं कुठे राहिलं?"

मी विचारलं, "कशाला लावायची बॅटरी?" त्यांनी जीभ चावली आणि म्हणाले, "घंटा. शाळेची घंटा." बरं.

तरी काही गोष्टींचा मेळ लागत नाही. आज एकाने विचारलं, "बाई, पंख्याला जास्त वीज लागते की भोंग्याला?" मी डोळे वटारले, तेवढं मला अजून येतं. मग नाहीबाई हळूच जवळ आली आणि म्हणाली, "बाई, तुमची कंबर किती आहे?" काय दिवस आलेत! बहुतेक निरोपाची भेट म्हणून काही शिवून घेणार आहेत. म्हणजे ग्रंथालयाचं पोरांपर्यंतही पोचलंय.

२८ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी तपासलं. जखम भरली. आवाज आता हाच. पाचव्या बाकापर्यंत जातो. वर्गात आठ बाक आहेत.

मोठ्या बाई बारा मार्चला येणार.

६ मार्च, बुधवार

लिहायची इच्छा नव्हती, पण लिहिते.

आज शेवटच्या तासाला पोरांनी मला खुर्चीत बसवलं. टेबलावर फडक्याखाली काहीतरी. फडकं काढलं. जुन्या रेडिओचा स्पीकर, त्याला एक पट्टा, माइकची दांडी सायकलच्या तारेची, आणि तिथून एक लांबच लांब वायर खिडकीबाहेर, कट्ट्यावर जोडून ठेवलेल्या पट्ट्यांपर्यंत. आजोबांनी तारा डाग देऊन जोडून दिल्या, बाकी सगळं पोरांचं. एकजण म्हणाला, "खेळाच्या सरांकडे भोंगा आहे, मग आमच्या बाईंना का नको?" प्रश्नचिन्ह म्हणाली, "उन्हावर चालतो. बाई, आवडला का?"

मला काय झालं ते कळलं नाही. डोक्यात एकच, ह्या डब्याचं पोरांना कोणी सांगितलं? माझी दया करतात ही? मी "छान आहे" म्हटलं, तो डबा टेबलावर तसाच ठेवला आणि शिक्षकखोलीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने दार ढकलून नाहीबाई आली. तिला कोणी पाठवलं नव्हतं, आपली आपणच आली होती. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पहिल्यांदा वाईट वाटतं. खडूच्या वेळी माझं पोट दुखलं होतं. मग दुपारी थांबलं."

मी तिला जवळ घेतलं. वर्गात परत जायचं बळ मात्र आज नव्हतं.

७ मार्च, गुरुवार

काल घरी सगळा प्रकार सांगितला. सासूबाईंना पाटीवर लिहून दिला, दोन पाट्या भरल्या. त्या वाचून म्हणाल्या, "मग बांध की कमरेला! लेकरांनी केलंय."

मी लिहिलं, 'मला नाही आवडत.'

"कानात मशीन घालायला मला तरी कुठे आवडतं? मला सांगताना बरं तोंड, नाही, पाटी चालते तुझी." मग त्यांनी उशीखालून डबी काढून मांडीवर ठेवली. "तू बांध, मी घालते. आधी तू."

हे खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर हलत होता. हसत असावेत.

माझी गोष्ट वेगळी आहे हे ह्या दोघांना कोण समजावणार? त्यांचं साधं कानाचं आहे. माझा पेशाचा प्रश्न आहे. पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईचा हट्ट मोडायची अशी संधी पुन्हा येणार नाही. तिच्यासाठी म्हणून तरी बांधावा लागणार.

११ मार्च, सोमवार

शुक्रवारी बांधला. पोरांनी पट्टा अगदी मापाचा केलाय. (तो कमरेचा प्रश्न! मी खरंच मठ्ठ आहे.) माइकमध्ये "हजेरी" म्हटलं आणि माझाच आवाज वर्गभर ऐकून दचकले. पोरं टाळ्या वाजवायला लागली तेव्हा डब्याने एक कर्कश शिट्टी मारली, सगळ्यांनी कान झाकले. नाहीबाईने पट्टीवाली म्हणून नवीन काम घेतलंय. खिडकीपाशी उभी राहते, ऊन सरकलं की पट्ट्या फिरवते, आणि पुसते ओल्या रुमालाने.

संध्याकाळी घरी वचन पाळलं गेलं. सासूबाईंनी यंत्र घातलं, दोन वेळा काढलं, तिसऱ्यांदा ठेवलं. मग म्हणाल्या, "बोल काहीतरी." मी म्हटलं, "काय बोलू?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, असा हळू बरा आहे की तुझा आवाज. इतकी वर्षं मला वाटायचं, तू रागावलेलीच असतेस."

काल दिवसभर आम्ही दोघी गप्पा मारत बसलो. घोड्याचा व्यायाम चुकला. एका म्हातारीचा हट्ट मोडायला मला केवढं करावं लागलं, पण मोडला. मला बरं वाटलं. उद्याची मात्र भीती आहे.

१२ मार्च, मंगळवार

निकाल आधी लिहून टाकते. चौथी माझी राहिली.

मोठ्या बाई सकाळी आल्या आणि मुलांना सरकवून आठव्या बाकावर बसल्या. नाहीबाई खिडकीत पट्ट्यांपाशी. मी डबा बांधला. संपणारी ऊर्जा आणि न संपणारी ऊर्जा, असा धडा. कोळसा, तेल, मग ऊन, वारा. आवाज छान लागला. मोठ्या बाई मान डोलवत होत्या. मी मनात म्हटलं, निभावलं.

आणि ढग आला. डबा खोकला, माझं अर्धं वाक्य गिळून टाकलं आणि मेला. नाहीबाई बाहेर डोकावून म्हणाली, "बाई, मोठा आहे हो." आजोबांचं ऐकून बॅटरी लावली असती तर! पण आता काय? मी तशीच उभी राहिले. मोठ्या बाईंनी पेन उचललं.

पुढे जे झालं ते कोणी ठरवलेलं नव्हतं, मी नंतर सगळ्यांना विचारलं. दाराजवळच्या मुलाने उठून दार लोटलं. दुसऱ्याने भिंतीवरचा पंखा बंद केला. कोणीतरी कंपास वाजवत होता, तो त्याने दप्तरात ठेवला. मग सगळी पोरं हात बाकावर ठेवून माझ्याकडे बघत बसली. इतकी शांतता मी माझ्या वर्गात कधी ऐकली नाही, मीच ती होऊ देत नव्हते. मी विचारलं, माझ्या त्याच फाटक्या, गप्पांएवढ्या आवाजात, "ढग आला म्हणजे सूर्य संपला का?"

आठव्या बाकावरून, मोठ्या बाईंच्या शेजारून उत्तर आलं, "नाही बाई. तो आहे. थोडा वेळ थांबायचं."

मी शिकवत गेले. ओरडत नव्हते, घसा ओढत नव्हता, आणि शेवटच्या बाकावरची मुलं माना हलवत होती. वीस वर्षं मी समजत होते की वर्ग माझ्या आवाजाने चालतो. ऐकणारे नसते तर त्या आवाजाचं काय झालं असतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. या मुलांचे उपकार कुठल्या शब्दांत मानू? पाटी पुरत नाही, वहीही पुरत नाही.

तेवढ्यात टेबलावर उजेड पडला. डब्यावरचा लाल दिवा लागला. खिडकीतून नाहीबाईने विचारलं, "बाई, ऊन आलं. चालू करू?"

मी काही म्हणायच्या आतच प्रश्नचिन्हाने मागे न बघता हात हलवला.

"राहू दे गं. ऐकू येतंय."